किंजळाखालचे तीन खडे

बा, तुला जाऊन अठरा वर्षं झाली. तू होतास तेव्हा मी तुला एकदाही पत्र लिहिलं नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि वाडीत ज्या एकदोघांना येत होतं त्यांच्याकडून आपलं पत्र वाचून घ्यायचं म्हणजे घरातली गोष्ट पाणवठ्यावर नेऊन ठेवायची. आता तोही प्रश्न उरलेला नाही. आज रविवार आहे, दुपारचे तीन वाजलेत, घरातली मंडळी जेवून आडवी झाली आहेत आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ऑफिसचे पाठकोरे कागद घेऊन बसले आहे. सांगायचं आहे ते थोडंच आहे. ज्या दिवशी आपल्या वाडीने तुझ्या सख्ख्या भावाला चोर ठरवलं, त्या दिवसाबद्दल. ते सांगायला मला अठ्ठावीस वर्षं लागली आणि आताही मी ते नीट क्रमाने सांगेन याची खात्री नाही. कारकुनी करून करून मला अलीकडे कशाचं फारसं काही वाटेनासं झालं आहे. कागद आला, नोंद केली, पुढच्या टेबलावर पाठवला. हेही बहुधा तसंच होईल.

निमित्त माश्यांचं झालं. गेल्या पावसाळ्यानंतर एका संस्थेची माणसं मला शोधत रत्नागिरीच्या ऑफिसात आली. रानातल्या मधमाश्या वाचवायचं काम करतात. माश्या कमी होत चालल्यात हे तुला कुणी येऊन सांगायची गरज नव्हती. तू शेवटी शेवटी म्हणायचास की पूर्वी फुललेल्या जांभळीखाली उभं राहिलं की कान भरून जायचे आणि आता स्वतःचा श्वास ऐकू येतो. त्यानंतर हायवे रुंद झाला, कडेची ढोलीची जुनी झाडं गेली, आंब्याच्या मोहोरावर फवारण्या वाढल्या, आणि ढोलीत पेटतं फडकं कोंबून मोहोळच्या मोहोळ जाळून मध नेणारे लोक मोटारसायकलवरून येऊ लागले. आता बागायतदार माश्यांच्या पेट्या भाड्याने आणून कलमांखाली ठेवतात. माश्या भाड्याने, हे ऐकून तू पोट धरून हसला असतास. संस्थेला हवी होती आपली रीत. कातकरी माणसं पिढ्यान् पिढ्या मध काढत आली तरी मोहोळं टिकली ती कशी, हे त्यांना लिहून घ्यायचं होतं आणि त्याची पुस्तिका करून शाळांतून, बागायतदारांतून वाटायची होती. वाडीत जन्मलेली, नोकरीतली आणि लिहू शकणारी म्हणून मी सापडले. काम बघणारी मुलगी माझ्या लेकीपेक्षा फार तर पाचसहा वर्षांनी मोठी असेल. मला ताई म्हणते. तिच्याजवळ एक छापील फॉर्म असतो आणि त्यात एक रकाना आहे, ‘पारंपरिक नियम’. तुझ्या उभ्या आयुष्याला तिने चार ओळींची जागा ठेवली होती. मी मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं.

सगळ्यात आधी मी तिला पऱ्याकडेच्या, म्हणजे ओढ्याकाठच्या, किंजळाच्या झाडाबद्दल सांगितलं. सांगताना मी टेबलाशीच बसलेली होते, पण पाय त्या पऱ्यात होते. तू वर आहेस, पुरुषभर उंचीच्या दीडपट, एक पाय फांदीत अडकवलेला. खाली मी नारळाचं सोडण धुमसवत धरलं आहे, धूर जास्त झाला की तू न बघता नुसता हात हलवतोस. ढोलीच्या तोंडावरचा चपटा जांभा दगड तू अलगद काढतोस, आत सातेरी माश्यांची पोळी एकामागे एक लटकलेली, आणि तू हात घालतोस तो घाईने नाही, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. लोखंड चालत नाही. बांबूची पात असते, तिने मधाचं पोळं कापायचं. पोरांच्या पोळ्यांना, म्हणजे ज्यात अंडी नि अळ्या असतात त्यांना, हात लावायचा नाही. मधातलाही अर्धाच घ्यायचा, उरलेला अर्धा त्यांना पावसाळ्यात खायला. आषाढात फुलं नसतात, बाहेर पडता येत नाही, तेव्हा ज्या घरात साठा नाही त्या घराने करायचं काय, हे तू मला आपल्याच चुलीकडे बोट दाखवून समजावलं होतंस. मग दगड परत लावायचा, वारुळाची माती आणि शेण कालवून फटी लिंपायच्या, बोट जाईल एवढंच दार ठेवायचं. आणि सगळ्यात शेवटी खूण.

खुणेचं त्या मुलीला फार नवल वाटलं. झाडाच्या उगवतीच्या अंगाला, मुळाशी, जांभ्याचे तीन खडे एकावर एक, आणि सगळ्यात खालच्या खड्याखाली पोळ्याचा एक रिकामा तुकडा. एवढंच. याचा अर्थ, ह्या सालचा मध घेतला आहे, घेणारा आपल्यातलाच आहे, पुढे जा. तू आणि काका एकाच रानातली झाडं राखायचात. कोण कधी कुठल्या झाडावर गेला हे एकमेकांना विचारायला तुम्हाला वेळही नसायचा आणि सवयही नव्हती. तो लाकडाच्या वखारीत, तू बागांमध्ये आंबे उतरवायला. तुमचं सगळं बोलणं त्या तीन खड्यांतून चालायचं. खडे दिसले की माणूस मान वर करूनही बघत नसे. खडे नसले की तो हक्काने चढायचा. मुलीने विचारलं, मग कधी चूक झाली नाही का, ताई? मी म्हटलं, आमच्या लोकांत अशी चूक सहसा होत नाही. हे मी अगदी सहज म्हटलं, चहाचा कप उचलता उचलता.

आपल्या घरातली एक गोष्ट मी तिला सांगितली नाही, ती फॉर्ममध्ये बसणारी नव्हती. सालातला पहिला मध तुझ्या हाताला लागला की त्यातलं चांगलं वीतभर पोळं आई पळसाच्या पानात बांधायची आणि ते काकाकडे जायचं. त्याचा पहिला मध आपल्याकडे यायचा. आई चुलीशी बसून बाकीचा मध फडक्यातून पिळायची, हात कोपरापर्यंत चिकट, आणि मला ओरडायची की मेण चावून थुंकू नकोस, गोळा करून ठेव. जांभळीचा मध जरासा कडवट असतो. काकाला तोच आवडायचा. तो आला की आई मुद्दाम विचारायची, भावोजी, कसा झालाय? आणि तो दर वर्षी तोंड वाकडं करून सांगायचा की औषधासारखा झालाय, अजून दे. दर वर्षी हेच बोलणं व्हायचं आणि दर वर्षी तुम्ही तिघं पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसायचात.

आता त्या दिवसाबद्दल. माझी बारावी होऊन वर्ष झालं होतं. पाडवा होऊन गेलेला, जांभळी फुललेल्या. नोकरीच्या भरतीचा अर्ज आला होता, त्याला फोटो लावायचा होता आणि दुसऱ्या दिवशी मी लांज्याला स्टुडिओत जाणार होते. आईने त्यासाठी शेजारणीकडून तिच्या मुलीचा निळा ड्रेस मागून आणलेला. तुझ्याबरोबर किंजळावर यायची माझी त्या दिवशी इच्छाच नव्हती, पण सोडण धरायला कुणी नव्हतं. काम नीट झालं. तू लिंपून खाली उतरलास, मधाचं भांडं उचललंस, तुला पुढे बागेत जायची घाई होती. वाटेला लागता लागता म्हणालास, “खूण ठेव गो. मी फुडं जातू.” आणि तू वळणापलीकडे गेलास न गेलास तोच एक माशी माझ्या डाव्या डोळ्याच्या पापणीवर बसली आणि डसली.

मला आयुष्यात किती माश्या डसल्या असतील, त्याचं कधी काही वाटलं नाही. पण त्या दिवशी मला फक्त उद्याचा फोटो दिसत होता. मी पऱ्यात धावले, डोळ्यावर पाणी मारलं, चिखल लावला, पाण्यात वाकून वाकून डोळा किती सुजला ते बघत बसले. सूज चढतच होती. मी रडले, चिडले, आणि तिथूनच पऱ्याच्या कडेने घरी आले. झाडाकडे मी परत गेलेच नाही. खडे मी उचललेसुद्धा नव्हते. रात्री जेवताना तू विचारलंस की डोळ्याला काय झालं, आणि आई हसून म्हणाली, आता साहेब हिला आंधळी म्हणून नोकरी देतील. खुणेबद्दल तू विचारलं नाहीस. तू सांगितलंस म्हणजे ती ठेवली गेली, असं तू धरून चालायचास. मला ती आठवलीही नाही. फोटो मात्र काढला. त्या काळी आठ प्रती एकदम काढायच्या आणि त्या वर्षानुवर्षं पुरायच्या, त्यामुळे माझ्या नोकरीच्या पहिल्या कागदांवर सगळीकडे माझा डावा डोळा बारीक आहे.

दहाबारा दिवसांनी काका त्या वाटेने गेला. त्याने बुंध्याला फेरी मारली, खडे नाहीत. तो चढला, ढोली उघडली, पोळी जरा लहान वाटली, पण यंदाचं सालच कमी मधाचं असेल असं समजून त्यानेही रीतीप्रमाणे अर्धाच मध घेतला. पोरांना हात लावला नाही. पुन्हा लिंपलं, खाली उतरून तीन खडे रचले. म्हणजे तू अर्धा घेतलास आणि उरलेल्यातला अर्धा त्याने घेतला. दोघांनीही नियम पाळला, बा. दोन वेळा नियम पाळल्याने ते घर उपाशी राहिलं. दोन दिवसांनी तू तिथून गेलास तेव्हा तुला लिंपण वेगळं दिसलं. काका दोन बोटांनी ओढत लिंपायचा, तू तळहाताने. एवढ्यावरून तू ओळखलंस.

बैठक आपल्या अंगणात झाली. वाडीतली चार जाणती माणसं, कडेला बायका, मी दाराच्या चौकटीला टेकून. काका शांत होता, उलट त्यालाच कोडं पडलं होतं. तो म्हणाला की खूण नव्हती, मी सगळ्या अंगानं बघितलं, नव्हती, असती तर मी कशाला चढलो असतो. तू म्हणालास की खूण होती, माझ्या पोरीने ठेवली. मग तू माझ्याकडे वळलास. त्या क्षणाआधी, बा, मला खरोखर आठवलं नव्हतं. तू वळलास आणि मला पऱ्यातलं पाणी आठवलं, चिखल आठवला, आणि खडे नाही आठवले.

“ठेवलीस ना गो?”

“ठेवली,” मी म्हटलं.

एवढंच. कुणी पुढे काही विचारलं नाही. काकाने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. तोंडात घास असताना कुणी हाक मारावी तसा तो थांबला आणि मग त्याने मान खाली घातली. मला वाटलं होतं की त्याला चार शब्द ऐकवतील आणि दोन दिवसांत मिटेल. भावाभावांचं मिटतंच. पण तू उठून सगळ्यांसमोर म्हणालास की भावाच्या खुणेवर जो हात टाकतो त्याने ह्या रानात झाडाला हात लावायचा नाही, आणि जाणत्यांनी माना हलवल्या. पावसाच्या आधी काका बायकोला घेऊन लांज्याच्या पलीकडे तिच्या माहेरच्या वाडीत गेला. आषाढात किंजळाची ढोली रिकामी झाली. पुढच्या पाडव्याला आईने सवयीने पळसाचं पान पुसून ठेवलं, तू ते बघितलंस आणि चुलीत सारलंस.

मी रोज सांगणार होते. हे सगळेच म्हणतात, मलाही ठाऊक आहे. नोकरी लागली, रत्नागिरीत खोली घेतली, लग्न झालं, आणि दर वेळी घरी येताना एसटीत मी वाक्य जुळवायची. तुझ्यासमोर आलं की तू विचारायचास, साहेब बरा आहे का तुझा? आणि मी म्हणायची, बरा आहे. सुट्टीत मी तुझ्याबरोबर रानात यायची, धूर द्यायची, भांडं धरायची. पण त्या सालानंतर खूण तू स्वतः ठेवायचास. मला एकदाही सांगितलं नाहीस. भांडं माझ्या हातात देऊन तू वाकायचास, गुडघे दुखायचे तरी वाकायचास, आणि मी उभी राहून बघायची. तुला कळलं होतं का, हे मी तुला कधी विचारलं नाही. तू मला नोकरीवर जाताना नवी बांबूची पात करून दिली होतीस, मूठ माझ्या हाताच्या मापाची. ती माझ्या ऑफिसच्या खणात आहे, पाकिटं फोडायला वापरते. चांगली धार आहे अजून.

तू गेलास त्या दिवशी काका आला होता. तुला उचलण्याआधी आला, पण अंगणात आला नाही, दगडी गडग्याच्या बाहेर उभा राहिला. त्याच्या हातात पळसाच्या पानाची पुडी होती. तुला नेलं तेव्हा तोही मागून चालत आला, सगळ्यांपासून दहा पावलं सोडून, आणि निघताना ती पुडी गडग्यावर ठेवून गेला. आईने ती उचलली नाही. मीही नाही. संध्याकाळपर्यंत तिला मुंग्या लागल्या.

तर ह्या फाल्गुनात ती मुलगी म्हणाली की तुमच्या काकांशी बोलायला हवं, जुन्यांपैकी तेवढे एकच उरलेत. मी तिला टाळलं नाही. आम्ही दोघी एसटीने लांज्याला गेलो, तिथून रिक्षा. काका आता ऐंशीकडे आला आहे, काकी नाही राहिली, तिच्या भाच्याच्या घरी पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला असतो. एका डोळ्याने जवळजवळ दिसत नाही. मला ओळखायला त्याला वेळ लागला, मग म्हणाला की बापासारखी दिसायला लागलीस, बस. त्याने चहा मागवला. मी जाताना ठरवून गेले होते. मुलीचं काम झालं की तिला बाहेर पाठवायचं आणि सांगायचं, वाक्यही तयार होतं. मुलीने फोन समोर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तो दोन तास बोलला. कोणती माशी कुठल्या झाडाला राहते, अंजनी फुलली की काय समजायचं, माश्या पाण्यावर कुठे येतात ते बघून ढोली कशी शोधायची. मग खूण. मुलीने विचारलं, आजोबा, खूण मोडून कुणी मध घेतला असं कधी झालं का?

मला वाटलं, ‘नाही’ म्हणेल. मग त्याने त्या फोनकडे तोंड केलं, माझ्याकडे नाही.

“झाला. माज्याकडनंच झाला. मी तवा बोललू का खूण नव्हती. पन असंल. ती पोरगी कशाला खोटा बोलंल? माजीच नदर चुकली. ह्या डोळ्यात आता फूल पडलाय, ते तवापासनंच पडाया लागला असंल. भाऊस बरोबर बोलला. तू लिव ह्या.”

पोरगी म्हणजे मी. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसलेली होते. त्याला ते माहीत होतं की बोलता बोलता तो विसरला, मला कळलं नाही. मी माझं तयार वाक्य शोधलं आणि ते होतं, जिथे ठेवलं होतं तिथेच होतं. मुलीने माझ्याकडे बघितलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्या नाही. माझ्या हातात फॉर्म होता, आणि तो म्हणाला लिही, म्हणून मी लिहिलं. निळ्या पेनाने, व्यवस्थित, ओळ न सोडता. तो काय बोलतोय ते मला ऐकू येत होतं, समजत होतं, आणि आत काहीही हलत नव्हतं. अठ्ठावीस वर्षं जो माणूस स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, त्याच्यासमोर मी चहा संपवला आणि कप विसळून ठेवला.

परत येताना मुलीला किंजळ बघायचा होता. आपली वाडी वाटेवरच, म्हणून गेलो. बा, तो उभा आहे. हायवे त्याच्यापासून दोन शेतं अलीकडे थांबला. ढोलीत सातेरी आहेत. किती वर्षांपासून आहेत कोण जाणे, पण दार बोटभरच आहे आणि आत-बाहेर चाललंय. आणि मुळाशी, उगवतीच्या अंगाला, तीन खडे होते. वरचा अजून लाल होता, त्यावर शेवाळ नव्हतं. वाडीतल्या एका बाईला विचारलं तेव्हा ती म्हणाली की तुझा काका येतो ना. दर साल पाडव्याच्या आधी येतो, आता काकीचा भाचा गाडीवर बसवून आणतो. मध काढत नाही, तसं त्याला हात लावायला बंदीच आहे म्हणा. येतो, चाचपून खडे रचतो आणि जातो. खडे बघून आपलं कुणी चढत नाही, आणि बाहेरच्यांना ती ढोली अजून ठाऊक नाही. मुलीने खड्यांचे फोटो काढले. सगळ्यात खालच्या खड्याखाली मी बोट घालून बघितलं. पोळ्याचा तुकडा नव्हता. तो कुठून आणणार?

पुस्तिकेची पानं दहाएक दिवसांपूर्वी आली. मराठी एकदा नजरेखालून घाला, ताई, आणि काकांचं काही चुकीचं छापलं जात नाही ना तेवढं बघा, असं तिने वर लिहिलं होतं. छान झाली आहे. ढोलीचं चित्र आहे, लिंपणाचं आहे. शेवटून दुसऱ्या पानावर काकाचा फोटो आहे, त्याखाली त्याचं नाव, वाडीचं नाव, आणि चौकटीत त्याचं बोलणं. भावाची खूण त्याच्या नजरेतून सुटली, त्याच्या हातून एक मोहोळ गेलं, आणि त्याची कबुली देण्याचा मोठेपणा त्याने दाखवला, असं त्या मुलीने लिहिलं आहे. चांगल्या मनाने लिहिलं आहे. ही पुस्तिका शाळांतून वाटतील. आपल्या वाडीच्या शाळेतही. मी ते पान तीनदा वाचलं. गेल्या रविवारी काकाकडे जायला म्हणून निघालेही. लांज्याच्या स्टँडवर उतरले, वडापाव खाल्ला, बाकावर तासभर बसले आणि समोर लागलेल्या रत्नागिरीच्या गाडीत चढले. घरी सांगितलं की काका बरा आहे.

हे पत्र मी तुला पाठवणार नाही, पाठवायला जागाही नाही. खरं म्हणजे ते तुला लिहायलाच नको होतं. ज्याला सांगायला हवं तो जिवंत आहे, सव्वा तासाच्या वाटेवर पडवीत बसलेला आहे, आणि मी मेलेल्या माणसाला पत्र लिहिते आहे, कारण तू वळून माझ्याकडे बघणार नाहीस. कागद उद्या ऑफिसात नेईन आणि खणात, तुझ्या बांबूच्या पातीखाली ठेवीन. एक राहिलं. त्या पानांबरोबर एक चिठ्ठी होती, खाली सहीची जागा आणि त्याच्या वर एक ओळ, ‘काही दुरुस्ती असल्यास’. परवा मी सही करून पानं परत दिली. त्या ओळीपुढे मी ‘नाही’ लिहिलं.